कालनिर्णयवर लिहिलेली 'कात' : विक्रोळीतल्या एका गाभण बोआचं प्रकरण

२१ जून २०२४, वटपौर्णिमा. पहाटे साडेपाचला फोन वाजला. बोलत होत्या घरी बोआ साप पाळणाऱ्या एका मुलाच्या आई. "डॉक्टर, पिल्लं झालीयत. वडाला जायचं म्हणून लवकर उठले, पेटीत डोकावले तर नुसती वळवळ. मोजता येईनात. त्याला उठवलंय. आधी काय करू ते सांगा."

मी पशुवैद्य आहे. कुत्र्या-मांजरांसोबत पक्षी, कासवं आणि परवाना-कागद असलेले परदेशी सापही माझ्याकडे येतात. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावं गाळून लिहितो आहे. जवळजवळ तीन महिने त्या घरात एक मादी बोआ गाभण होती आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. एका फोनवर मला ते कळायला हवं होतं, तिथे मीही चुकलो. पुढच्या पालकाकडून आणि पुढच्या डॉक्टरकडून ती चूक होऊ नये, म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

घर विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. वरचा मजला, दोन खोल्या, हॉलची भिंत पश्चिमेला. मुलगा पंचविशीतला, नोकरी करणारा. मादी त्याच्याकडे १४ जानेवारीला आली. त्याचा मित्र कॅनडाला चालला होता, त्याने ती पेटीसकट दिली. जात बोआ इम्पेरेटर. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून कोलंबियापर्यंत आढळणारा आणि जगभर पाळला जाणारा साप. वय सहाच्या आसपास, लांबी साडेसहा फूट, स्वभावाने शांत. आईंचा पहिला प्रश्न होता, "हे मांडूळ तर नाही ना? त्यासाठी पोलीस धरतात." प्रश्न अगदी रास्त होता. मांडूळ आणि दुरक्या घोणस हे आपल्या मातीतले बोआच. ते बाळगणं हा गुन्हा आहे, आणि पैशांचा पाऊस पाडायच्या खुळापायी मांडूळाचे जे हाल होतात ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहेत. हा साप वेगळा, त्याचे कागद वेगळे. त्यावर पुढे येतो.

पहिला फोन

१० एप्रिलला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलाचा फोन आला. "सर, २७ जानेवारीनंतर तिने काहीच खाल्लं नाही. गोठवलेला उंदीर कोमट करून देतो तसाच देतोय. वास घेते आणि तोंड फिरवते."

मी म्हणालो, मोठे साप महिनोन्‌महिने खात नाहीत, वजन उतरत नसेल तर थांब. ही माझी चूक. बॉल पायथनबद्दल हे वाक्य शोभतं, तो साप चार-चार महिने सहज उपास करतो. बोआ तसा नाही. धडधाकट बोआ समोर आलेलं भक्ष्य सहसा सोडत नाही. त्यातून मोठी मादी अडीच महिने तोंड फिरवते आणि तरी तिचं वजन उतरत नाही, तेव्हा विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत : नर कधी सोबत होता का, शेवटची कात कधी टाकली, पोटाचा आकार बदलला का, ती ऊब धरून बसते का. यातला एकही प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही.

महिनाभराने पोट फुगलेलं दिसू लागलं. साप पाळणाऱ्या एका ओळखीच्याने सांगितलं की बद्धकोष्ठ आहे, कोमट पाण्यात बसव आणि पोट मागच्या बाजूला चोळून काढ. मुलाने दोनदा तसं केलं. दुसऱ्या वेळी तिने पहिल्यांदाच फुत्कार टाकला. तो घाबरला आणि त्याने मला घरी बोलावलं. त्या फुत्काराबद्दल मला आजही त्या जनावराचं कौतुक वाटतं.

१२ मे, रविवार दुपार

पेटीपाशी गेलो तर ती गरम कोपऱ्यात, अंग अर्धवट कुशीवर वळवून, पोटाची बाजू वर करून पडलेली. ज्याने गाभण बोआ पाहिला आहे त्याला हे दृश्य ओळखू येतं. अंगाचा रंगही गडद झाला होता. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कडा भरलेल्या, आणि कण्याची रेघ दोन्हीकडच्या फुगवट्यांमध्ये खोल गेलेली. वजन ५ किलो ४०० ग्रॅम. तिला हातावरून सावकाश सरकू दिलं, बोटं खाली नुसती टेकवून ठेवली, दाब अजिबात दिला नाही. बोटांवरून एकामागून एक मऊ गाठी सरकत गेल्या, लिंबाएवढ्या, ठरावीक अंतरावर. शौच साठलेलं असतं तेव्हा असं लागत नाही.

सोबत नेलेलं छोटं सोनोग्राफी यंत्र लावलं. खवल्यांवर जेल जरा जास्तच लागतं, नाहीतर मधली हवा चित्र बिघडवते. पडद्यावर एक पिशवी, तिच्यात वेटोळं, आणि वेटोळ्यात लुकलुकणारा ठिपका. मुलगा म्हणाला, "सर, हे काय?" मी म्हटलं, "हृदय." मग दुसरं दिसलं, तिसरं दिसलं. नऊपर्यंत मोजून थांबलो. तिला आणखी वेळ धरून ठेवणं बरं नव्हतं.

बोआ अंडी घालत नाही. अंडी पोटातच वाढतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. त्यामुळे 'अंडी दिसली नाहीत म्हणजे गाभण नाही' हा तर्क इथे चालतच नाही, आणि या घरात तोच चालला होता.

पण नर कुठला? घरात दुसरा साप नव्हता. बोआमध्ये नराच्या वाट्याशिवाय पिल्लं झाल्याची नोंद आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पिल्लांची जनुकीय तपासणी झाली आणि ती सगळी माद्या निघाली. पण डॉक्टरने आधी साधं कारण तपासावं. मुलाने तिथूनच टोरंटोला मेसेज टाकला. तासाभरात उत्तर आलं : डिसेंबरमध्ये तीन आठवडे नर याच पेटीत होता, वेगळी पेटी दुरुस्तीला टाकली होती म्हणून. सांगायचं राहून गेलं. बोआची मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि अंडी पुढे काही आठवड्यांनी सुटतात, त्यामुळे हिशेब जुळत होता. साप देणाऱ्याने खाण्याची, तापमानाची, हाताळण्याची दोन पानं लिहून दिली होती. त्यात हे एक वाक्य नव्हतं.

आता प्रसूती कधी? इथे आईंनी सगळ्यांना वाचवलं. स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय टांगलेलं होतं. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि त्यातच ५ मार्चच्या चौकोनात निळ्या पेनाने 'कात'. मी विचारलं, "काकू, हे का लिहिलंत?" त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पेटीतून अख्खी कात निघाली, डोळ्यांच्या चकत्यांसकट. एवढी लांब कात मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणून लिहून ठेवलं." मग त्यांना आणखी आठवलं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या म्हणून त्या पेटीवर चादर टाकायला गेल्या, तेव्हा सापाच्या मधोमध वाटी गिळल्यासारखा फुगवटा होता. दुसऱ्या दिवशी नाहीसा.

रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती. तो फुगवटा म्हणजे अंडी सुटण्याची खूण. तो जेमतेम दिवसभर दिसतो, आणि जगभरचे बोआ पाळणारे त्याची डोळ्यांत तेल घालून वाट पाहतात. त्यानंतर साधारण अडीच-तीन आठवड्यांनी मादी कात टाकते. त्या कातीपासून शंभर ते एकशेवीस दिवसांत पिल्लं होतात. ५ मार्चपासून मोजलं तर १३ जून ते ३ जुलै. सोनोग्राफीने 'गाभण' एवढंच सांगितलं होतं. तारीख सांगितली कालनिर्णयने.

पेटीतली उष्णता

खरा धोका त्या दिवशी थर्मामीटरने दाखवला. गरम बाजू ३६.५ अंश, थंड बाजू ३३. थंड बाजू म्हणायचं ते नावालाच.

बोआ पाळण्याविषयी जे लिहिलेलं मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी. तिथे प्रश्न एकच, ऊब कशी द्यायची. म्हणून पेटीसोबत हीटिंग मॅट येते, दिवा येतो, आणि पालक दोन्ही लावून टाकतो. मुंबईत मे महिन्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकलेल्या पेटीत प्रश्न नेमका उलटा असतो. बोआला एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ अंश हवेत, म्हणजे तो स्वतः सरकून आपलं तापमान सांभाळतो. त्याच्याकडे दुसरं साधन नाही. गाभण मादी गरम टोकाला बसते ती पिल्लांसाठी, आणि ते टोकच जास्त तापलं तर पोटातली पिल्लं व्यंग घेऊन येतात किंवा मरतात. तिला थंड टोकाला जाता यायला हवं होतं, आणि या पेटीत तसं टोकच उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पेटी आतल्या खोलीत हलवली. तिथे एसी होता, तो दुपारी २७ वर ठेवायचं ठरलं. मॅटला थर्मोस्टॅट होता, पण त्याचा सेन्सर मॅटपासून सुटून पाण्याच्या भांड्यामागे पडला होता, त्यामुळे तो सतत 'अजून थंड आहे' समजून मॅट तापवत होता. सेन्सर मॅटवर टेपने नीट चिकटवला, ३१ वर लावला. दिवा काढूनच टाकला. आई आणि बाबा हॉलमध्ये झोपायला लागले. आई एवढंच म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली म्हणायची आता." तीन दिवसांनी मुलाने पेटीतल्या काट्यांचा फोटो पाठवला : ३१ आणि २६.

बाकी सूचना थोड्या होत्या. खायला द्यायचं नाही, हातात घ्यायचं नाही, पोटाला कुणी बोट लावायचं नाही. पाण्याचं भांडं उथळ, कारण पिल्लं खोल पाण्यात पडायला नकोत. पेटीची प्रत्येक फट मोजायची : नवजात बोआ करंगळीहून जाड नसतो आणि डोकं जाईल तिथून अख्खा जातो. जाळीचा एक कोपरा आणि वायर आत जायचं भोक, दोन्ही बुजवलं. पाऊस लागल्यावर नारळाचा भुसा ओला राहू लागला, तेव्हा तो काढून साधा कागद अंथरला. बोआला दमटपणा मानवतो, पण पावसाळ्यातल्या बंद पेटीत साठलेल्या ओलीने पोटाचे खवले कुजतात आणि छातीत कफ धरतो.

पिल्लं

वटपौर्णिमेच्या पहाटे, म्हणजे १०८ व्या दिवशी, मी पोहोचेपर्यंत मुलाने सांगितल्याप्रमाणे एक काम केलं होतं : काहीच केलं नव्हतं. मादीला उचललं नव्हतं, पिल्लं ओढली नव्हती. कागदावर ओलसर, चकचकीत पातळ पिशव्या, काही फाटून सुकायला लागलेल्या. बहुतेक पिल्लं बाहेर आलेली, वीतभराहून लांब, दीडेक फुटांची, अंगावर आईचेच तांबूस खोगिरासारखे पट्टे आणि शेपटीला लालसर झाक. एक पिशवीतच होतं आणि श्वास घेताना पिशवी नाकाशी आत-बाहेर होत होती. ती ओल्या कापसाने नाकापाशी उघडली, एवढंच. नाळ तोडली नाही. ती आपली आपण सुकून गळते, आणि ओढली तर पोटातला बलकच बाहेर येतो.

मोजणी : जिवंत १७, मेलेली २, आणि ३ पिवळे गोळे, म्हणजे न फळलेली अंडी. मेलेल्यांपैकी एकाचा कणा वाकडा होता. ते मे महिन्यातल्या उष्णतेमुळे, पोट चोळल्यामुळे, की तसंही झालं असतं, हे मी ठामपणे म्हणू शकत नाही. मुलाने विचारलं तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. तो बराच वेळ ती दोन पिल्लं हातात धरून बसला होता.

सतरा पिल्लं सतरा वेगवेगळ्या डब्यांत ठेवली. किराणा ठेवायचे झाकणाचे डबे, बाजूला तापलेल्या सुईने पाडलेली भोकं, आत कागद, वाटी, लपायला पुठ्ठ्याची नळी. झाकणं क्लिपची हवीत असा मी आग्रह धरला, आणि त्याचं कारण इथे सविस्तर लिहिलंच पाहिजे.

घोणसही जिवंत पिल्लं घालते, आणि तिची पिल्लं बहुतेक जून-जुलैतच जन्मतात. खाडी आणि झाडीलगतच्या वसाहतींत पावसाळ्याच्या तोंडाला घोणशीची पिल्लं दिसतात. ती जन्मापासून विषारी असतात. तपकिरी अंगावर डाग असलेलं दीड फुटाचं पिल्लू जिन्यात दिसलं, तर ते घोणशीचं की बोआचं हे सामान्य माणसाने ओळखावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. बोआचं पिल्लू निसटलं तर कुणीतरी काठीने मारणार, हे दुःख आहेच. पण त्याहून वाईट शक्यता दुसरी. 'तिसऱ्या बिल्डिंगमधल्या मुलाचे पाळलेले साप सुटलेत, ते चावत नाहीत' अशी बातमी पसरली, तर एखादं पोर उद्या खरी घोणस उचलेल. म्हणून रोज रात्री डबे मोजायचे, सतरा म्हणजे सतरा. आकडा चुकला तर तासाभरात सोसायटीला आणि सर्पमित्राला कळवायचं, लाजायचं नाही. मुलाने हे मान्य केलं तेव्हाच मी पिल्लं त्या घरात राहू द्यायला तयार झालो.

कागद

बोआ साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्समधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले : असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने सहा महिन्यांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करायची. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, सगळं कळवायचं. मित्राने २०२० च्या स्वेच्छा-घोषणेच्या योजनेत या मादीची घोषणा केली होती, ते कागद पेटीसोबत आले होते. पण मादी आता दुसऱ्याच्या घरी आहे हे कुणी कळवलं नव्हतं.

मुलाला भीती होती की आता तोंड उघडलं तर जनावर जाईल. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तोंड न उघडता सतरा पिल्लं लपवशील, तर ती आणि विमानतळावरून चोरून आलेली पिल्लं यांत कागदावर काहीच फरक राहणार नाही. डिसेंबर २०२३ मध्येच मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. ज्यांच्याकडे खरे कागद आहेत त्यांनीच ते अर्धवट ठेवले, तर अशा तस्करीला आडोसा मिळतो. मी तपासणीचा अहवाल, जन्माची तारीख, प्रत्येक पिल्लाचा पाठीवरच्या पट्ट्यांचा फोटो आणि वजन दिलं. मादीचं हस्तांतर आणि जन्म, दोन्ही नोंदी जुलैत दाखल झाल्या. दोन फेऱ्या माराव्या लागल्या, तिसरी लागली नाही.

पहिली कात बहुतेकांनी आठ ते बारा दिवसांत टाकली. त्यानंतर कोवळे, नुकती लव आलेले पांढरे उंदीर, गोठवलेले, कोमट करून. चौदा पिल्लांनी पहिल्या दोन खेपांत खाल्लं. तीन हटून बसली. त्यांतल्या दोघांनी रात्री दिवे मालवून डब्यात ठेवलेला उंदीर सकाळपर्यंत संपवला. एक ४१ ग्रॅमचं पिल्लू, मी नळीने भरवूनही, सहाव्या आठवड्यात गेलं. तो मृत्यूही पोर्टलवर नोंदवला.

विक्रीबद्दल मुलाला दहा फोन आले. त्याने एकही पिल्लू विकलं नाही. नऊ पिल्लं वर्षभरात पाच जणांना दिली. आधी त्यांच्या घरची पेटी आणि थर्मोस्टॅट बघून, मग हस्तांतराची नोंद करून. एकाला नकार दिला, कारण त्याने पहिलाच प्रश्न 'जोडी मिळेल का' असा विचारला. सात अजून तिथेच आहेत.

मादी प्रसूतीनंतर ३ किलो ६०० ग्रॅम भरली, कण्याच्या दोन्ही बाजूंना खोबणी पडलेल्या. तिला एकदम मोठा उंदीर दिला तर ती ओकते, आणि ओकलेला बोआ आणखी खचतो. म्हणून दर दहा दिवसांनी लहान उंदीर, महिनाभराने मध्यम. डिसेंबरमध्ये ती ४ किलो ५०० ग्रॅमवर आली. पुढची निदान दोन वर्षं नर तिच्या जवळपासही येणार नाही, हे मुलाने स्वतःहून सांगितलं.

डिसेंबरच्या त्या भेटीत मी पुन्हा स्वयंपाकघरात गेलो. आईंनी जुलैचं पान फाडलं नव्हतं, मागे वळवून ठेवलं होतं. त्यावर निळ्या पेनाने चौकोनाचौकोनात आकडे होते : २ ची कात, ९ ची कात, ५ आणि १४ ची कात, ११ ने खाल्लं. ३० तारखेच्या चौकोनात '१६ गेलं', आणि त्याच्या शेजारी, त्याच अक्षरात, दुधाचा एक खाडा.